मास्ट पेशी विकार : लक्षणांवरील उपचार

मास्ट पेशी प्रमाणाबाहेर वाढल्यामुळे (मास्टोसायटोसिस) किंवा संख्येने बेताच्या असूनही वारंवार भडकल्यामुळे होणारा त्रास आटोक्यात ठेवण्याचे उपाय. हिस्टामिनसारख्या खाज-सूज आणणाऱ्या रसायनांच्या कणांनी गच्च भरलेल्या या पेशींचे नाव पॉल एर्लिख यांनी १८७८ च्या प्रबंधात दिले; त्याचा अर्थ ‘पोसलेल्या’ असा होतो.

ओळख : साध्या ‘पित्ता’ची गांधी सहसा दिवसभरात विरते. मास्टोसायटोसिसचा तपकिरी डाग जागचा हलत नाही; बोटाने चोळला की काही मिनिटांत फुगतो आणि खाजतो. हे ‘दारिए चिन्ह’.

औषधे : खाज व अंग लाल होण्यावर सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, आम्लपित्तावर फॅमोटिडिन. ती रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. कारण पेशींतून हिस्टामिन एकदा सुटले की ते मागे घेता येत नाही.

क्रोमोग्लायकेट : ओवा-कोथिंबिरीच्या कुळातील अम्मी विस्नागा या वनस्पतीतील खेलिनपासून, मास्ट पेशींचे भडकणे रोखणाऱ्या या औषधाचा शोध सुरू झाला. अलेप्पोत जन्मलेले ब्रिटिश डॉक्टर रॉजर अल्टुन्यान स्वतः दमेकरी होते. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून ते स्वतःला दमा उठवीत आणि खेलिनसारखे एकेक संयुग स्वतःवरच पारखीत. अनेक वर्षांच्या या खटाटोपातून १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आले. ते आतड्यातून रक्तात फारसे जात नाही, म्हणून पोटदुखी व जुलाबांवर विशेष उपयोगी पडते. प्रौढांना सहसा २०० मिग्रॅ., दिवसातून चार वेळा. कुपी फोडून औषध पेलाभर पाण्यात मिसळायचे आणि जेवणाआधी अर्धा तास प्यायचे. दूध किंवा फळांच्या रसात ते मिसळू नये.

तातडीचा उपाय : रक्तदाब कोसळला, श्वास कोंडला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत ॲड्रेनालिन. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, एकदम उठवू नये. मास्टोसायटोसिसच्या ज्या रुग्णांना मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशाची ॲलर्जी असते, त्यांना विषाची लस सहसा आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

ॲस्पिरिन : काहींचे लाल होणे कमी करते, काहींना झटका आणते. डॉक्टरांच्या देखरेखीविना घेऊ नये.

नवी औषधे : प्रौढांच्या सार्वदेहिक विकारात बहुधा किट जनुकातील डी८१६व्ही हा बदल आढळतो. त्यावर नेम धरणारे ॲव्हाप्रिटिनिब अमेरिकेत २०२१ मध्ये प्रगत आणि २०२३ मध्ये संथ प्रकारासाठी मान्य झाले.

हाडे : या विकारात हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून त्यांची तपासणी आवश्यक.

मुले : विकार बहुधा त्वचेपुरता, पुष्कळदा वयात येईपर्यंत ओसरतो.