गेलेला पैसा आणि पुढचा रुपया



"आता एवढे पैसे घातलेच आहेत, मग अर्धवट कसं सोडायचं?" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. याचं उत्तर मला आपल्या कळंबपासून जवळच्याच बोरघाटाच्या इतिहासात सापडलं.

1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटाचं कामही सुरू झालं. 1859 मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार इंजिनिअर नेमून तिने काम तडीस नेलं. 25 बोगदे खोदले गेले, रोगराईने हजारो मजूर दगावले, आणि 1863 साली घाट खुला झाला.

चढण इतकी अवघड होती की वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं. तिथे गाडी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे निघायची.

1867 मध्ये घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. तो पुन्हा उभारला गेला. हिशेब पाहा: खर्च एका पुलाचा आणि त्या बदल्यात अख्खा घाट चालू!

1929 साली मात्र नवे बोगदे काढून मार्ग बदलला आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन सोडून दिलं. त्यात गेलेला पैसा आणि घाम ते ठेवूनही परत येणार नव्हता. ठेवलं असतं, तर प्रत्येक गाडीचा वेळ मात्र रोज जात राहिला असता. पुढच्याच वर्षी डेक्कन क्वीन धावू लागली.

एकदा धरलं, एकदा सोडलं, कसोटी एकच. इथून पुढे किती जाणार आणि किती मिळणार?

हेच घरात लावू. समजा, पापडाचं यंत्र 20,000 रुपयांना घेतलं. ते बंद पडलं आणि दुरुस्तीला 6,000 लागणार आहेत. दुरुस्त केल्यावर ते एकच हंगाम चालून 4,000 ची मजुरी वाचवणार असेल, तर सोडा. दोन हंगाम चालून 8,000 वाचवणार असेल, तर दुरुस्त करा. 20,000 चा आकडा दोन्ही हिशेबांत कुठेच येत नाही.

पण मनात तोच आकडा बसलेला असतो. "लोक काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील" या भीतीने मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसेही कधी कधी त्याच्यामागे जातात. गेलेला पैसा परत मिळवण्यासाठी हातातला घालवायचा, हे कुठलं शहाणपण?

आणि सोडणं म्हणजे आधीच्या कष्टांचा अपमान नव्हे. त्या स्टेशनाने 66 वर्षं गाड्या वर चढवल्या. त्याचं काम संपलं, एवढंच.