तालमीची भिंत आणि मैदानावरची रांग

पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या पेठेत शिल्लक उरलेल्या तालमीसमोर उभे राहिले, म्हणजे प्रथम लक्षात येतो तो तिच्या दाराचा ठेंगणेपणा. भरल्या अंगाच्या माणसाला मान लववल्यावाचून आत शिरता येऊ नये असे ते दार. त्यानंतर चार-दोन पायऱ्या खाली उतरावयाच्या, कारण आखाड्याची जमीन रस्त्याच्या पातळीहून मुद्दाम खोल घेतलेली. आणि डोळे अंधाराला सरावले, की मग कोनाड्यातील शेंदूर माखलेला मारुती, भिंतीशी टेकवून ठेवलेल्या करेलांच्या जोड्या आणि मधला तांबड्या मातीचा हौदा हळूहळू दिसू लागतो. खिडकी असलीच तर ती आढ्यालगत, धूर निघून जाण्यापुरती. बलोपासनेसाठी बांधलेल्या या वास्तूत उजेड आणि वारा यांनाच मज्जाव का असावा, असा प्रश्न आरोग्यशास्त्र वाचलेल्या माणसाला पडतो, आणि त्याला वस्तादांचे उत्तर तयार असते: घामेजलेल्या अंगावर वारे घेऊ नये, माती उबदार राहिली म्हणजे सांधे मोकळे होतात, आणि मारुतीरायापुढे जाणाऱ्याने वाकूनच गेले पाहिजे.

ही कारणे खोटी नाहीत. परंतु तेवढीच ती नाहीत. त्या भिंती वाऱ्याइतक्याच माणसांच्या नजरेसाठीही बांधलेल्या होत्या. मेहनत करणाऱ्याला बाहेरच्याने पाहू नये, पाहिल्यास दृष्ट लागते आणि कमावलेले अंग उतरते, हा समज तालमीतालमींतून इतका पक्का होता, की खुराकाच्या बदामांइतकेच महत्त्व दारावर टांगलेल्या लिंबूमिरचीला मिळे. शेजारच्या पेठेतील तालमीला आपल्या पठ्ठ्याचा नवा डाव कळू नये, हा व्यवहारी हिशेबही त्यात होता. दृष्टीच्या समजुतीला भोळेपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण तिच्या आड मनुष्यस्वभावाची एक खरी जाण लपलेली आहे, ती ही, की अपुरे शरीर आणि अपुरा प्रयत्न या दोन गोष्टी चारचौघांत उघड्या करावयास कोणासही संकोच वाटतो, मग तो उद्या कितीही मोठा मल्ल होणार असो.

नवख्या पोराला तालमीत कसे घेत, हे पाहिले म्हणजे ही जाण किती मुरलेली होती ते कळते. लंगोट कसून आलेल्या किडकिडीत मुलाला कोणी पहिल्याच दिवशी हौद्यात उतरवीत नसत. त्याच्या हाती फावडे येई. पहाटे सर्वांच्या आधी येऊन त्याने हौद्याची माती उकरावयाची, ढेकळे फोडावयाची, खडा लागला तर वेचून बाहेर टाकावयाचा, तेल, ताक, हळद पडली की ती मातीत कालवावयाची, आणि मग थोरल्या पहिलवानांच्या पाठी रगडावयाच्या. या खटाटोपात त्याचे दंड भरू लागत, कंबर बळकट होई, आणि आपण व्यायाम करीत आहोत किंवा कोणी आपणाकडे पाहत आहे, या दोहोंची त्याला आठवणही राहत नसे. पुढे तो कोपऱ्यात जोर काढू लागला, बैठका मारू लागला, तरी जो तो आपल्या मेहनतीत बुडालेला असल्याने त्याच्या थरथरणाऱ्या मांड्यांकडे पाहावयास फुरसत असे ती एका वस्तादाला. आणि वस्तादाची नजर ही तालमीतील एकच नजर, जिचे भय वाटले तरी लाज वाटत नसे.

हाच मुलगा तयार झाल्यावर मात्र जत्रेतील फडात, केवळ लंगोटावर, हजारो लोकांसमोर शड्डू ठोकून उभा राही आणि त्याला तिळमात्र संकोच वाटत नसे. शाहू छत्रपतींनी विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधविले. १९१२ साली ते पुरे झाले. मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठकीची वर्तुळे, अशी त्याची रचना आहे, ती अशासाठी की शेवटच्या माणसालाही कुस्ती स्वच्छ दिसावी. ज्या नगरात पेठोपेठी अंधाऱ्या तालमी, त्याच नगरात हे उघडे मैदान! मला तर यात विसंगती दिसत नाही. दाखवावयाचे ते मैदानात आणि कमवावयाचे ते भिंतीआड, असा तो स्वच्छ बंदोबस्त होता.

मल्लखांबाची जी उत्पत्तिकथा परंपरेने सांगितली जाते, तीही हेच बोलते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून आलेल्या दोन बलाढ्य पहिलवानांनी आव्हान दिले, ते कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले, आणि तयारीसाठी ते पुण्याच्या गजबजाटातून निघून वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले. तेथे झाडांवर लीलया खेळणाऱ्या वानरांकडे पाहून त्यांना खांबावरच्या पकडी सुचल्या. कथेतील वानरे खरी की कल्पित, हा वाद ज्यांना घालावयाचा त्यांनी घालावा. मला त्या कथेतील डोंगर महत्त्वाचा वाटतो. पेशव्यांचा आश्रय असलेल्या मल्लालासुद्धा नवी विद्या हस्तगत करावयास माणसांपासून दूर जावे लागले, असेच लोकांच्या स्मृतीने ठरविले आहे.

स्त्रियांच्या वाट्याला ही भिंत आली नव्हती, आणि आली ती एखाद्या राजवाड्याचीच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई पहाटे मल्लखांबाची मेहनत करीत आणि मग घोड्यावर बसत, अशी नोंद विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या आपल्या वृत्तान्तात केली आहे. वरसईच्या या भिक्षुकाने, कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेलेल्या माणसाने, बाईसाहेबांच्या कसरतीविषयी कौतुकाने लिहावे आणि नाक मुरडू नये, हे त्या काळाच्या मानाने विशेष आहे; परंतु तेथे सरकारवाड्याची तटबंदी होती, खासगीचे पहारे होते, हेही विसरता येत नाही. सामान्य घरातील सासुरवाशिणीला मोकळे अंग हालविण्याची मुभा मिळे ती व्रताच्या नावाने. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागवावयाची म्हणजे पुरुषांना माजघराबाहेर घालवून, पदर खोचून रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा, कोंबडा आणि लाट्या खेळावयाच्या. उकिडवे बसून उड्या मारीत जाण्याचा तो कोंबडा ज्याने एकदा करून पाहिला असेल, त्याला पहिलवानांच्या बैठकांची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. आमच्या स्त्रियांचा एवढा कष्टाचा व्यायाम शतकानुशतके देवीच्या नावावर खपला, यात आमच्या समाजाची चतुराई दिसते, तशीच कोतेपणाचीही साक्ष मिळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तालमीकडे वळलेली आणखी एक नजर होती, ती सरकारची. लहुजी वस्ताद साळवे यांच्या पुण्यातील तालमीत दांडपट्टा शिकण्यास जोतीराव फुले जात, त्या काळी ही विद्या उघडपणे शिकविली जात असे, जरी मातंग वस्तादापुढे वरच्या म्हणविणाऱ्या जातींची मुले शिष्य म्हणून उभी राहत ही गोष्ट पेठेतील सनातन्यांना रुचण्याजोगी नव्हती. परंतु चाफेकर बंधूंनी मुलांना जमवून शारीरिक व लष्करी शिक्षणाची मंडळी काढली, १८९७ साली रँडचा वध झाला, आणि मग जोर-जोडी करणाऱ्या तरुणांकडे हुजूरचे अंमलदार संशयाने पाहू लागले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात राजद्रोहाच्या इतिहासाला आरंभ होतो तो चाफेकरांच्या या मंडळीपासूनच, यावरून सरकारदप्तरी व्यायामाचे स्थान काय होते ते समजावे. आतापर्यंत संकोचाला आडोसा देणारी तालमीची भिंत या नव्या नजरेपुढे उलट संशयाला कारण झाली.

येथून पुढे व्यायाम उघड्यावर आला, आणि तो येण्यास जो नवा आडोसा उपयोगी पडला, तो रांगेचा होता. शाळांतून इंग्रजी कवाईत चालू होतीच. तिचा सांगाडा घेऊन बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या माणिकरावांनी तिच्यात देशी व्यायाम आणि देशी भाषेतील आज्ञा घातल्या. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले. तालमीच्या पायरीपाशी घुटमळणारा, काटकुळ्या हातांचा, चष्मा लावणारा जो पांढरपेशा विद्यार्थीवर्ग होता, तो या मैदानांवर निर्धास्तपणे आला. याचे कारण मला असे वाटते, की दोनशे मुले एकाच आज्ञेबरोबर एकच हात वर करीत असली, म्हणजे त्यांतील कोणाच्या हाताला दंड आहे आणि कोणाच्या नाही, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. भिंत डोळ्यांना अडवी. रांग त्यांना हवे तेवढे पाहू देई आणि त्यातच चुकवी. दोनशे लेझिमींचा एका ठेक्यात होणारा खणखणाट तर इतका भारून टाकणारा असे, की ज्याचे पाऊल चुकले त्यालाही ते कळू नये.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. प्रारंभी ते युजेन सँडो या युरोपीय बलवानाच्या पद्धतीचे अनुयायी होते आणि कित्येक वर्षे त्यांनी त्याच्या साधनांनी व्यायाम केला. सँडोच्या पद्धतीत आरशासमोर उघड्या अंगाने उभे राहून आपला एकेक स्नायू निरखण्यास महत्त्व होते. जुन्या तालमीत मारुती असे, आरसा नसे. स्वतःचीच नजर स्वतःवर रोखण्याची ही नवी रीत होती, आणि भिंत व रांग या दोहोंपैकी एकाचाही तिच्यापुढे इलाज चालत नाही. पंतप्रतिनिधींनी पुढे ती सोडून सूर्यनमस्कार धरले, ते पैशाची बचत, थोडी जागा आणि सर्वांगाला मिळणारा व्यायाम या कारणांनी. परंतु संस्थानाच्या शाळांतून त्यांनी ते मुलांबरोबर मुलींनाही लावून दिले, घरच्या मंडळींकडून करविले, आणि राजाने स्वतः नमस्कार घालून दाखविण्यात कमीपणा मानला नाही. गादीवरचा माणूस जमिनीला नाक लावतो हे एकदा रयतेने पाहिल्यावर रयतेचा संकोच कितीसा टिकणार? १९३८ साली त्यांचे यावरील पुस्तक लंडनहून इंग्रजीत निघाले.

१९३६ साली अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या परकीयांसमोर त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच साली वर्ध्यास लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समिती स्थापून स्त्रियांना स्वसंरक्षणार्थ लाठी शिकविण्यास प्रारंभ केला. या संस्थेच्या विचारसरणीविषयी मतभेद असणारच. पण मध्यम स्थितीतील घरांतल्या लेकीसुना संध्याकाळच्या उजेडात, मैदानावर, लाठी घेऊन उभ्या राहिल्या, ही घटना लहान नव्हती. पुरुषाला आधी पुष्कळ काळ भिंत मिळाली आणि मग तो रांगेत आला. स्त्रीला भिंतीचा लाभ न होताच एकदम रांगेत यावे लागले. गच्चीवरून पाहणारे होतेच. नऊवारीचा कासोटा पळण्यास सोयीचा, तरी पदर सावरण्यात एक हात गुंतून पडे. म्हणून पदर कमरेला घट्ट खोचण्याची जी मंगळागौरीची रीत, तीच येथे उपयोगी पडली.

हौद्याचे दार मात्र उशिराच उघडले. पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ सालापासून चालू आहे. स्त्रियांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ २०२३ साली सांगलीस झाली, आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. बऱ्याच जुन्या तालमींत मुलीने हौद्यात पाऊल टाकू नये हा दंडक अजून पाळला जातो, आणि म्हणून मुलींच्या कुस्तीसाठी निराळी केंद्रे निघत आहेत. तेथे मातीऐवजी मॅट अंथरलेली असते, दार पूर्ण उंचीचे असते, आणि सरावाच्या वेळी ते आतून लावून घेतले जाते.