कुणाचा पठ्ठा?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जत्रांच्या फडात परगावचा पैलवान लंगोट कसून उभा राहिला, की पंचांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘कुणाचा पठ्ठा रं तू?’ नाव नंतर, गाव त्याच्याही नंतर. पोरगा वस्तादाचं नाव सांगे आणि त्या एका नावावर निम्मी परीक्षा होऊन जाई. हा कोणता पाय पुढे टाकून उभा राहणार, पट काढणार की मानेवर हात टाकून दस्ती ओढणार, खाली बसला तर किती वेळ तग धरणार, याचा अंदाज बांधूनच पंच त्याला जोड शोधू लागत. मी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक होतो आणि गावच्या जत्रेत पंच म्हणून फडात उभा राहिलो. बाहेरून आलेल्या पैलवानाची पारख आमच्याकडे कशी होत आली, ते लिहिलं जावं असं मला फार दिवसांपासून वाटतं.

आमचा मुलूख मुळात कुस्तीचा नव्हे, दुष्काळाचा. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा काढला आणि १८८०च्या दशकात पाणी बारामतीकडे, तिथून इंदापूरकडे वाहू लागलं. कालव्याच्या वरच्या अंगाला भाटघरचं धरण झालं. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला, बारामतीची गुळाची पेठ नावारूपाला आली. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभा केला आणि माळावर वालचंदनगर वसलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने उभे राहिले. हे सगळं कुस्तीच्या हकिकतीत सांगायचं कारण म्हणजे खुराक. पैलवानाला दूध, तूप, बदाम, मटण लागतं, आणि वर्षानुवर्षं लागतं. घरातला एक पोरगा शेतीतून मोकळा करून तालमीसाठी राखून ठेवायचा, तर बाकीच्यांच्या घामावर त्याचं ताट भरावं लागतं. उसाचा पैसा आला तेव्हा बागायतदार घरांना ते परवडू लागलं. कालव्याचं पाणी न पोचलेल्या, भीमेकडच्या जिराईत गावांना ते कधीच सोपं नव्हतं. जुने पंच नुसत्या अंगाकडे बघून ‘हा पाटाखालचा’ आणि ‘हा माळावरचा’ असं सांगत. पाटाखालचा भरलेला पण दमाला कमी, माळावरचा हडकुळा पण सुटायला चिवट, असा त्यांचा ठोकताळा. तो दर वेळी खरा ठरे असं नाही, पण जोड लावताना त्याचा विचार होई.

जोड लावणं हे जत्रेतलं सगळ्यात जोखमीचं काम. दुपार कलली की हलगी कडाडायची. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळांवर सुटायच्या. मग इनाम चढत जाई, आणि पंच एकेका पैलवानाचा हात धरून त्याला फडात फिरवत, ‘याला जोड आहे का कुणी?’ गर्दीतून एखादा हात वर होई. दोघांना शेजारी उभं करून उंची, मान, मनगट, मांड्या बघायच्या. वय विचारायचं, पण विश्वास दाढीमिशीवर ठेवायचा. कान बघायचे, कारण कान मोडून गाठ झालेला पैलवान किती वर्षं लढत धरतोय हे तोंडाने सांगावं लागत नाही. जोड चुकली तर कुस्ती दोन मिनिटांत संपते, नाहीतर पोरगं जायबंदी होतं, आणि भाऊबंद फडात उतरले की जत्रा मोडते. म्हणून या कामाला गावाने मान दिला. सरपंच बदलत, पण जोड लावणारी माणसं वर्षानुवर्षं तीच असत.

फडातली पारख एका संध्याकाळपुरती. तालीम बदलून आलेल्या पैलवानाची पारख मात्र वेगळी. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेचं पात्र समुद्रासारखं पसरलं. तिकडचं करमाळा आणि इकडचं इंदापूर यांच्यामध्ये पाणी आलं, तरी होड्या चालू राहिल्या. अशाच एका होडीतून करमाळ्याकडचा एक पोरगा आमच्या तालमीत राहायला आला. पिशवीत लंगोट, चड्डी आणि मामाची चिठ्ठी. त्याची परीक्षा आमच्या वस्तादांनी घेतली तेव्हा मी कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसलो होतो.

वस्तादांनी त्याला आधी बैठका मारायला लावल्या. आम्ही सगळे त्याच्या मांड्या बघत होतो, वस्ताद त्याचं पोट बघत होते. श्वास पोटातून येतोय तोवर दम आहे, छातीतून येऊ लागला की संपला, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी त्याच्या मानेवर तळवा ठेवून खाली दाबलं. पोराने मान दिली नाही. ‘मान हाय,’ एवढंच बोलले. नंतर त्याला आमच्या तीन पोरांशी लागोपाठ लढवलं. पहिला त्याच्यापेक्षा हलका आणि चपळ, दुसरा बरोबरीचा, तिसरा चांगला जड. पहिल्याला त्याने घिस्सा मारून पाडलं. दुसऱ्यावर कलाजंग टाकली, इतकी सुरेख की आमचीच पोरं ओरडली. तिसऱ्याखाली तो दबला, पण चीत झाला नाही, हौद्याची माती तोंडात जाईपर्यंत पोटावर पडून राहिला.

वस्तादांनी त्याला जवळ बसवलं, अंगावरची माती स्वतः पुसली आणि विचारलं, ‘बाळा, उजवा गुडघा कधी दुखावला?’ पोरगा गप्प. तिन्ही कुस्त्यांत तो उजव्या अंगाने एकदाही आत शिरला नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आता या गुडघ्यापायी त्याला परत पाठवणार. वस्तादांनी कारण दुसरंच दिलं. ‘गुडघा बरा हुईल. पर आपल्याकडं ह्याला जोड न्हाई. हितं राहिला तर ह्या तिघांनाच पाडत बसंल आणि दोन वर्सांत हितल्याएवढाच हुईल.’ त्यांनी पुण्यातल्या आपल्या ओळखीच्या तालमीला चिठ्ठी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला एसटीत बसवून दिलं.

मला या विषयावर जे म्हणायचं आहे ते सगळं त्या एका निकालात आहे. पैलवानाची ताकद आणि कमजोरी एकट्याची नसते. ज्यांच्याशी तो रोज सकाळी लढत धरणार, त्यांच्यावर ती घडते किंवा गंजते. पारख करणाऱ्याने पोराकडे जितकं बघायचं, तितकंच आपल्या हौद्यातल्या बाकीच्या पोरांकडे बघायला हवं.

नुसत्या अंगकाठीवर विसंबलं की काय होतं, याचं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होता. वार्षिक स्पर्धेत उतरायचं म्हणाला तर तिथल्या क्रीडाशिक्षकांनी किरकोळ शरीर बघून नकार दिला. तो प्राचार्यांकडे गेला, परवानगी मिळवली आणि आपल्याहून दांडग्यांना चीत केलं. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला, १९५२ला हेलसिंकीत त्याने कांस्यपदक घेतलं. मी स्वतः त्या क्रीडाशिक्षकांच्याच पेशातला, म्हणून ही हकिकत दर वर्षी शाळेत सांगत आलो.

कोल्हापूरने जोड कशी आणायची हे फार आधी ओळखलं होतं. शाहू महाराजांनी पंजाबातल्या नामांकित मल्लांना बोलावलं, आश्रय दिला. १९१२ साली खासबाग मैदान खुलं झालं तेव्हाची मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या उत्तरेकडच्या मल्लांची. आपल्या पोरांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी घरात मिळत नाही तर तो बाहेरून आणायचा, ही दृष्टी त्यामागे होती. पुढे गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पोरं जाऊ लागली ती याच कारणाने. लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार गंगावेशीत घडले, १९६९ला महाराष्ट्र केसरी झाले आणि नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत स्वतः वस्ताद झाले.

बिराजदारांच्या हाताखालून काका पवार निघाले, राहुल आवारे निघाला. राहुल बीडच्या पाटोद्याचा. २०११ साली बिराजदार गेले तेव्हा ऐन उमेदीत या पोराचा वस्ताद हरपला. तालीम बदलण्याचा याहून अवघड प्रसंग नाही. तो काका पवारांकडे कात्रजजवळच्या कुस्ती संकुलात गेला. काका त्याच वस्तादांचे पठ्ठे, त्यामुळे डावांची घडण तीच, बोलण्याची रीत तीच, बरोबरची पोरंही तालेवार. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्ण घेतलं आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. ‘कुणाचा पठ्ठा’ या प्रश्नाला आमचे पंच एवढं महत्त्व का देत, ते इथे कळतं. वस्तादाची परंपरा जुळली की नव्या तालमीत पोराला पहिल्यापासून शिकावं लागत नाही.

दुसरं उदाहरण आमच्या पाण्यापलीकडचं. बाला रफिक शेख करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. कोल्हापुरात न्यू मोतीबागेत गणपतराव आंदळकरांकडे तो शिकला, मग पुण्यात हनुमान आखाड्यात आला, आणि २०१८ला जालन्याच्या कुस्ती अधिवेशनात बुलढाण्याकडून उतरून महाराष्ट्र केसरी झाला. गाव सोलापूर जिल्ह्यात, माती कोल्हापूरची, तयारी पुण्याची, नाव बुलढाण्याचं. याला कुणी नाक मुरडतं, मी मुरडत नाही. अंतिम फेरीत त्याने पुण्याच्या अभिजित कटकेला हरवलं. पोराला जिथे जोड मिळते तिथे त्याने जावं, आणि जो जिल्हा त्याला उभं करतो त्याच्याकडून उतरावं.

पण महाराष्ट्र केसरीची सगळ्यात बोलकी अंतिम कुस्ती बालेवाडीची, जानेवारी २०२०ची. नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे, एकाच हौद्यात घाम गाळणारे. एकाला दुसऱ्याची प्रत्येक खोड माहीत, म्हणून कुस्ती अटीतटीची झाली. सदगीर जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर उचलून मैदानभर मिरवलं. रोजचा जोडीदार जिंकणाऱ्याच्या खांद्यावर असतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

महाराष्ट्र केसरी आमच्या दारातही आली होती. २००५चं अधिवेशन इंदापूरला झालं, तिथे सईद चाऊस केसरी झाला. लगेच २००६ला बारामतीला झालं, तिथे अमोल बुचडेने गदा उचलली. पुढे २०११ला नीरेपलीकडे अकलूजला नरसिंग यादवने आपल्या सलग तीन विजयांतला पहिला मिळवला. घरची भाकरी बांधून लोक ही मैदानं बघायला गेले, आणि तिथून परतल्यावर आमच्या फडातल्या प्रश्नांत एकाची भर पडली, ‘मातीतला का गादीवरचा?’

हा फरक वरवरचा नाही. मातीत जत्रेची कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते. पाऊण तास खडाखडी झालेली मी पाहिली आहे. तिथे दम, पकड आणि चिकाटी लागते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पट काढून खाली घेतलं की गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीतला गडी गादीवर गेला की पहिली तीन मिनिटं प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेण्यात घालवतो आणि तेवढ्यात सहा गुणांनी मागे पडतो. गादीवरचा गडी मातीत आला की पाय रुततात, पटाची झेप तोकडी पडते. महाराष्ट्र केसरीच्या ८६ ते १२५ किलोच्या गटात वजनाची तफावत वेगळीच. म्हणून आता पोरगा तालीम बदलताना मी पालकांना सांगतो, नव्या ठिकाणी माती आणि गादी दोन्ही आहेत का ते बघा, आणि मुलाच्या वजनाची किमान तीन पोरं तिथे आहेत का ते मोजा. दालनातल्या ढाली आणि फोटो मोजू नका. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू. २०२३ला सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून आमच्या भागातल्या मुली विचारायला येतात. त्यांच्या वजनाची दुसरी मुलगी तालमीत नसेल तर त्यांना रोज मुलांशी लढत धरावी लागते, आणि मुलींच्या कुस्तीतला वेग त्यांना मिळत नाही.

जत्रेत मात्र आता जोड्या फोनवर ठरतात. महिनाभर आधी फ्लेक्स लागतो, त्यावर दोन्ही पैलवानांचे फोटो, इनामाचा आकडा आणि देणगीदारांची नावं. मोठ्या कुस्त्यांना ते ठीक आहे, लांबून येणाऱ्या पैलवानाला भाड्याची आणि इनामाची खात्री हवी. पण लहान आणि मधल्या कुस्त्याही आधीच ठरू लागल्या, आणि आडगावचा, ओळख नसलेला पोरगा फडात हात वर करून उभा राहायला जागाच उरली नाही. करमाळ्याच्या होडीतून आलेला तो पोरगा आज आला असता तर त्याला कुणी पाहिलंच नसतं. म्हणून यंदा जत्रा कमिटीकडे मी लेखी मागणी केली आहे, की पाच हजारांच्या आतल्या इनामाच्या सगळ्या कुस्त्या फडातच, जागेवर जोड लावून सोडाव्यात, आणि जोड लावणाऱ्या दोन जुन्या पंचांबरोबर दोन तरुण उभे करावेत. कमिटीने तरुणांची नावं मागितली आहेत. मी चार दिली आहेत, त्यात एक मुलगी आहे.