कपार्ट

कपार्ट : ग्रामविकासाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्यासाठी भारत सरकारने स्थापन केलेली परिषद (१९८६–२०२०). पूर्ण नाव ‘लोककार्यक्रम व ग्रामीण तंत्रज्ञान विकास परिषद’. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कपार्ट’ हेच नाव रूढ झाले. लोककार्यक्रमांसाठीची ‘पाडी’ आणि ग्रामीण तंत्रज्ञानासाठीची ‘कार्ट’ या दोन संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९८६ रोजी तिची स्थापना झाली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असल्याने कागदोपत्री तीही एक संस्थाच होती. पण अध्यक्षपद केंद्रीय ग्रामविकास मंत्र्यांकडे आणि पैसा त्यांच्याच मंत्रालयाचा. तिच्या स्वायत्ततेची मर्यादा इथेच ठरली.

केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले आणि महिला-बालकल्याणाच्या संस्थांना सरकारी अनुदानाची वाट मिळाली. ग्रामविकास मात्र १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमापासून सरकारी यंत्रणेच्याच हाती राहिला. १९७० नंतर राजस्थानातील तिलोनिया, महाराष्ट्रातील जामखेड अशा ठिकाणी संस्थांनी गावकऱ्यांनाच शिकवून तयार केले आणि सरकारी यंत्रणेला न जमलेली कामे उभी केली. त्याबद्दल सरकारला कौतुक होते, तसा संशयही होता. १९८२ मध्ये गांधीवादी संस्थांच्या चौकशीसाठी कुदाल आयोग नेमला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी सुरू झालेल्या सातव्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना ग्रामविकासातील भागीदार म्हणून स्थान मिळाले. कपार्टचा जन्म या दुहेरी वृत्तीतून झाला आणि तिच्या नियमावलीत ही वृत्ती शेवटपर्यंत टिकली.

अर्ज करणारी संस्था किमान तीन वर्षे नोंदलेली असावी लागे. प्रस्तावाची कार्यालयात छाननी, मग बाहेरच्या मूल्यमापकाची प्रत्यक्ष भेट, समितीची मंजुरी आणि त्यानंतर हप्त्याहप्त्याने रक्कम, असा क्रम असे. पहिल्या हप्त्याचा हिशोब, विनियोग प्रमाणपत्र आणि प्रगती अहवाल पोहोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नसे. सार्वजनिक पैशाला हिशोब हवाच. पण पेरणी किंवा बांधबंदिस्ती दिल्लीच्या फायलीसाठी थांबत नाही, त्यामुळे कर्ज काढून काम पुढे रेटणाऱ्या आणि हप्ता उशिरा आला म्हणून काम अर्धवट सोडणाऱ्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या संस्था ग्रामीण भागात आढळत. अनुदान प्रकल्पाला मिळे, संस्थेला नव्हे. प्रकल्प संपला की प्रशिक्षित कार्यकर्त्याचे मानधनही संपे. ज्यांच्याकडे हिशोबनीस आणि इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस होता, त्यांना ही व्यवस्था सोपी गेली. दुर्गम भागातल्या लहान संस्थांना, म्हणजे ज्यांच्यासाठी ती काढली त्यांनाच, ती अवघड पडली.

ही अडचण ओळखून प्रादेशिक समित्या नेमण्यात आल्या व लहान प्रस्तावांची मंजुरी त्यांच्याकडे गेली. महाराष्ट्राचे काम अहमदाबादच्या कार्यालयातून चाले. पाणलोट विकास, ग्रामीण तंत्रज्ञानाचा प्रसार, अपंगांसाठीचे कार्यक्रम आणि लाभार्थ्यांचे संघटन यांना मुख्यतः मदत मिळे. कारागिरांचा माल थेट ग्राहकापर्यंत नेणारे ‘ग्रामश्री’ मेळे शहरांतील लोकांच्या विशेष परिचयाचे.

गैरव्यवहाराच्या तक्रारींनंतर अनेक संस्थांची मदत थांबवली गेली, काहींची नावे काळ्या यादीत आली. केवळ अनुदान लाटण्यासाठी काढलेल्या संस्था होत्या, हे नाकारता येत नाही. मात्र उशिरा पाठवलेला अहवाल आणि हडपलेला पैसा यांत फरक करण्यात यंत्रणा कमी पडली. दरम्यान पैशाचे प्रवाहही बदलले. १९९५ पासून लागू झालेल्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांमुळे संस्थांना जिल्हा पातळीवरूनच प्रकल्प अंमलबजावणीचे काम मिळू लागले, आणि महाराष्ट्रात आदर्श गाव योजनेने गाव व संस्था यांची जोडी थेट बांधली. दिल्लीतल्या मध्यस्थाची गरज त्यामुळे कमी होत गेली.

२००७ मध्ये केंद्राने स्वयंसेवी क्षेत्राचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, तरी कपार्टला त्यातून नवे बळ मिळाले नाही. अखेर १ मे २०२० पासून ती हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्थेत विलीन झाली. केंद्राचे अनुदान मागणाऱ्या संस्थेला आता नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर नोंदणी करून प्रत्येक मंत्रालयाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.