ऐकू येते, पण उमगत नाही : श्रवणप्रक्रिया विकाराची ओळख आणि व्यवस्थापन

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात : आवाज कानी पडणे आणि सांगितलेले मानणे. त्यामुळे ‘मुलगा ऐकतच नाही’ ही तक्रार घरात सहसा शिस्तीच्या खात्यावर मांडली जाते. लीड्ससारख्या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण पुढे केले जाऊ शकते, ते म्हणजे घरी बोलली जाणारी दुसरी भाषा. कानांची तपासणी निर्दोष आली की या दोन कारणांपलीकडे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. श्रवणप्रक्रिया विकार, अर्थात ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर किंवा ‘एपीडी’, ही तिसरी शक्यता मात्र तपासायची राहून जाते.

विकाराचे स्वरूप

कान ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंतील संकेतांत करतो. ध्वनी कोणत्या दिशेने आला, त्यातील बोलणे कोणते व गोंगाट कोणता, ‘पळ’ म्हटले की ‘फळ’, ही छाननी मेंदूतील श्रवणमार्ग करतात. निरोगी श्रोत्याला ध्वनीतील अवघ्या दोन-तीन मिलिसेकंदांचा खंडही जाणवू शकतो. एपीडीमध्ये ही छाननी नीट होत नाही. शांत खोलीत काढलेला ऑडिओग्राम किती मंद सूर ऐकू येतो एवढेच सांगतो. म्हणून तो सर्वसामान्य असूनही कर्कगेट मार्केटच्या गजबजाटात शेजारच्या माणसाचे वाक्य हाती लागत नाही, असे घडू शकते.

ब्रिटिश सोसायटी ऑफ ऑडिऑलॉजीने या विकाराचे तीन प्रकार मानले आहेत : बालपणी विकासाबरोबर दिसू लागणारा; डोक्याला इजा, पक्षाघात किंवा वार्धक्य यांमुळे नंतर उद्भवणारा; आणि श्रवणक्षमता तात्पुरती वा कायमची कमी झाल्यामुळे येणारा. ‘ग्लू इअर’, म्हणजे मधल्या कानात चिकट द्रव साचण्याचा बालवयातील आजार, तिसऱ्या प्रकारास कारण ठरू शकतो.

लक्षणे

- गोंगाटात बोलणे न समजणे, वारंवार ‘काय?’ असे विचारणे
- सलग दिलेल्या सूचनांपैकी एखादीच लक्षात राहणे
- ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ यांसारख्या शब्दांत गल्लत होणे
- दूरध्वनीवरील, वेगाने केलेले किंवा अपरिचित धाटणीचे बोलणे जड जाणे
- दिवसअखेर ऐकण्याच्या श्रमाने थकवा येणे

हीच लक्षणे अवधानाच्या समस्या, भाषाविकासातील अडचणी आणि डिस्लेक्सिया यांतही आढळतात. ब्रिटनमधील सुमारे दीड हजार शाळकरी मुलांवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऐकण्याच्या अडचणींचा संबंध निव्वळ ध्वनिसंवेदनेपेक्षा अवधान व आकलनक्षमतेशी अधिक जुळला. एपीडी हा स्वतंत्र विकार मानावा का, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. म्हणून श्रवणाबरोबर भाषा आणि अवधान यांचीही तपासणी व्हावी.

दोन भाषांच्या घरात

दोन भाषा बोलल्याने एपीडी होत नाही. मात्र गोंगाटातील बोलणे समजण्यात, भाषेवर उत्तम प्रभुत्व असूनही, ती मागाहून शिकलेली व्यक्ती मातृभाषकापेक्षा मागे पडते. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना प्रमाण मानून रचलेल्या शब्दचाचणीत मराठीभाषक निरोगी मूलही कमी गुण मिळवू शकते. उलटपक्षी, खरा विकार ‘इंग्रजी सुधारेल तेव्हा ठीक होईल’ असे म्हणत वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहू शकतो.

येथे पालकांचे निरीक्षण मोलाचे ठरते. टीव्ही चालू असताना मराठीतून दिलेली सूचनाही निसटते का? आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तोच त्रास होतो का? अडचण दोन्ही भाषांत असेल, तर ती केवळ इंग्रजीच्या सरावाची नव्हे. मूल कोणती भाषा कोणत्या वयापासून ऐकते, हे तपासणाऱ्यास आवर्जून सांगावे आणि सुरांचा क्रम ओळखणे, ध्वनीतील खंड ओळखणे अशा शब्दांवर कमी विसंबणाऱ्या चाचण्यांविषयी विचारावे. घरातील मराठी थांबवणे हा या विकारावरचा उपचार नाही.

लीड्समध्ये तपासणी आणि साहाय्य

प्रारंभ जीपीपासून करावा. प्रथम नेहमीची श्रवणतपासणी होते. एपीडीची तपासणी प्रत्येक ऑडिऑलॉजी विभागात होत नसल्याने विशेष केंद्राकडे पाठवले जाऊ शकते. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय मुलांसाठीचे असे केंद्र आहे. निष्कर्ष भरवशाचे यावेत म्हणून या चाचण्या साधारणतः वयाच्या सातव्या वर्षापासून केल्या जातात.

शाळेतील साहाय्यासाठी निदानाची वाट पाहण्याची गरज नाही. विशेष शैक्षणिक गरजांचे समन्वयक, म्हणजे ‘सेन्को’, यांना लेखी निरीक्षणे द्यावीत. शाळेचे साहाय्य अपुरे पडल्यास पालक लीड्स सिटी कौन्सिलकडे ईएचसी आराखड्यासाठी मूल्यांकनाची मागणी स्वतः करू शकतात. मूल्यांकन करायचे की नाही, हे कौन्सिलने ६ आठवड्यांत कळवावे लागते. आराखडा देण्याचे ठरल्यास संपूर्ण प्रक्रियेची मुदत २० आठवडे असते.

प्रौढांच्या अडचणीचे स्वरूप अपंगत्वाच्या कायदेशीर व्याख्येत बसत असल्यास २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार नोकरीच्या ठिकाणी वाजवी बदल मागता येतात. ‘ॲक्सेस टू वर्क’ योजनेतून साधनांसाठी अर्थसाहाय्य मिळू शकते. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र ती तातडीची बाब समजून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

व्यवस्थापन

या विकारावर औषध नाही. सर्वाधिक लाभ परिसर सुधारल्याने होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून मुलाला शिक्षकांच्या जवळ बसवावे. शिक्षकांचा आवाज थेट कानाशी पोहोचवणारा रिमोट मायक्रोफोन उपयुक्त ठरतो. जाजम आणि पडदे प्रतिध्वनी शोषतात. संगणकावरील श्रवणप्रशिक्षणाने सरावलेल्या कौशल्यात सुधारणा दिसू शकते. तिचा लाभ दैनंदिन ऐकण्यात कितपत उतरतो, याबाबत पुरावे संमिश्र आहेत. खर्चिक कार्यक्रम घेण्यापूर्वी हे ध्यानी ठेवावे.

कार्यालयात उपशीर्षके सुरू ठेवणे, बैठकीचे मुद्दे आधी लेखी मागणे आणि शांत जागा निवडणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. घरी नाव घेऊन, समोर येऊन, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती मुलाकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यावी. ‘ऐकत नाही’ म्हणून रागावण्याआधी त्याला काय ऐकू आले, हे विचारावे.