मनॅसस राष्ट्रीय रणभूमी उद्यान

मनॅसस राष्ट्रीय रणभूमी उद्यान हे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स विल्यम काउंटीमधील संरक्षित युद्धक्षेत्र आहे. अमेरिकन यादवी युद्धातील बुल रनची पहिली लढाई (२१ जुलै १८६१) आणि दुसरी लढाई (२८ ते ३० ऑगस्ट १८६२) येथे झाली. बुल रन हे येथील ओढ्याचे नाव असून दक्षिणेत याच लढाया मनॅससच्या नावाने ओळखल्या जातात. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० एकर आहे.

युद्धपूर्व काळ

अठराव्या शतकात येथील बरीच जमीन कार्टर घराण्याच्या मालकीची होती. तंबाखूच्या पिकाने जमिनीचा कस उतरल्यावर गहू व मका ही पिके वाढली. मोठ्या शेतांवरील कामाचा भार गुलामगिरीतील कृष्णवर्णीयांवर होता. जेम्स रॉबिन्सन या स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थांनी १८४० मध्ये येथे शेतजमीन विकत घेतली; त्यांची पत्नी मात्र तेव्हा गुलामगिरीतच होती. १८५० च्या दशकात जवळच्या मनॅसस जंक्शन येथे दोन लोहमार्ग एकत्र आले. त्यामुळे या शेतीप्रधान भागास लष्करी महत्त्व प्राप्त झाले.

दोन लढाया

पहिल्या लढाईत अर्विन मॅकडॉवेल यांच्या नेतृत्वाखालील उत्तरेच्या सैन्याचा पराभव झाला. निर्णायक झुंज हेन्री टेकडीवर झाली. तेथील घरात अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध विधवा ज्युडिथ हेन्री तोफगोळ्याने मृत्युमुखी पडल्या. याच टेकडीवर थॉमस जॅक्सन यांना ‘स्टोनवॉल’ हे नाव मिळाले.

दुसऱ्या लढाईत रॉबर्ट ली यांनी जॉन पोप यांच्या सैन्याला हरवले. अर्धवट राहिलेल्या लोहमार्गाच्या भरावाचा व खोदकामाचा जॅक्सन यांच्या तुकड्यांनी आडोसा घेतला. या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २२,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. रस्त्यालगतचे दगडी घर दोन्ही लढायांत जखमींसाठी वापरले गेले.

युद्धानंतर रॉबिन्सन यांनी उत्तरेच्या सैन्याने नेलेल्या मालाबद्दल सरकारकडे दावा केला. मागणीपेक्षा कमी रक्कम त्यांना मिळाली.

जतन

जून १८६५ मध्ये उत्तरेच्या सैनिकांनी येथे दोन स्मारके उभारली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांच्या वारसांच्या पुढाकाराने हेन्री कुटुंबाची जमीन घेण्यात आली. पुढे ती संघराज्य सरकारकडे सोपवली गेली आणि १० मे १९४० रोजी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. रॉबिन्सन यांच्या जागेवर नंतर बांधलेल्या घराचे १९९३ मध्ये आगीत मोठे नुकसान झाले. आता तेथे केवळ पाया दिसतो.

विकासाचे वाद

वॉशिंग्टनच्या उपनगरांचा विस्तार होताच येथील जमिनीला मोठा भाव आला. १९८८ मध्ये लगतच्या जागेवर व्यापारी संकुल उभारण्याचे काम सुरू झाले. दुसऱ्या लढाईत ली यांचा तळ याच भागात होता. तीव्र विरोधानंतर अमेरिकन काँग्रेसने कायदा करून सुमारे ५५० एकर जमीन ताब्यात घेतली. त्यासाठी सरकारला दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. १९९३ मध्ये डिस्ने कंपनीने जवळच्या हेमार्केट येथे इतिहासविषयक मनोरंजन उद्यानाची योजना जाहीर केली. इतिहासकार व रहिवाशांच्या विरोधामुळे ती सप्टेंबर १९९४ मध्ये सोडून देण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये काउंटीने उद्यानालगत डेटा सेंटर संकुलास मंजुरी दिल्यावर हा वाद न्यायालयात गेला.