महिन्यांएवढ्या रात्री

घरात सोयर-सुतक असलं की देवळाची पायरी चढायची नाही, हे मालवण-देवगडकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दहा दिवसांचा हिशेब तर सगळ्यांनाच पाठ असतो. गर्भ पडला तर किती दिवस, हे मात्र विचारावं लागतं, आणि मग 'धर्मसिंधु' उघडला जातो. मूळच्या कोकणातल्या गोळवलीच्या पाध्ये घराण्यातले काशिनाथशास्त्री यांनी तो शके १७१२मध्ये पुरा केला. त्यातला हिशेब जुन्या स्मृतींवरून आलेला आहे. चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, सातव्यापासून प्रसूती. स्रावाला भाऊबंदांना नुसती आंघोळ, पाताला तीन दिवस, प्रसूतीला पुरे दहा. आता २०१५ साली प्रसिद्ध झालेली 'प्रॉमिस' ही ब्रिटिश चाचणी पाहा. वारंवार गर्भपात होणाऱ्या ८३६ स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन दिलं होतं, उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी. यश म्हणजे काय, तर २४ आठवडे उलटल्यावर मूल जिवंत जन्मणं. चार आठवड्यांचा महिना धरला तर सहा महिने पुरे! औषधाच्या गटात यश ६५.८ टक्के, दुसऱ्या गटात ६३.३, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा.

सहा महिन्यांची ही रेघ स्मृतींतून लंडनला गेली, असं म्हणण्याचा मोह होतो. पण त्याला काडीचाही पुरावा नाही. ब्रिटनने १९२६च्या कायद्यात मृतजन्माची रेघ २८ आठवड्यांवर ओढली ती नोंदणीसाठी, आणि १९९२मध्ये ती २४वर आणली. आपल्याकडच्या जन्म-मृत्यू नोंदणीत ती २८वरच राहिली. यावर सरळ आक्षेप असा की दोन्हीकडे शरीर एकच. सहा महिन्यांआधीचं मूल पूर्वी जगतच नसे, म्हणून रेघा जुळल्या. हे बरंचसं खरं आहे. पण चौथ्या महिन्याची रेघ जगण्या-मरण्याशी जुळत नाही. ती सुश्रुतसंहितेतही आहे आणि तिथे कारण गर्भाचं शरीर घट्ट होण्याचं दिलंय. तेव्हा धर्मशास्त्राने ती वैद्यांकडून उचलली, असं कुणी म्हणेल. उलटंही म्हणता येईल. स्मृतींवर आणि सुश्रुतसंहितेवर थर इतके चढलेत की आधी कोण, ते ठरत नाही. माझा कौल वैद्यांकडे; का, तर कारण सांगण्याची गरज त्यांनाच पडली.

मला खरी गंमत वाटते ती दुसरीच. ते तीन टप्पे भाऊबंदांसाठी होते. आईचा हिशेब निराळा: मनुस्मृतीत जितके महिने तितक्या रात्री. पुढच्या निबंधकारांनी पहिल्या तीन महिन्यांना सरसकट तीन रात्री ठरवल्या, पण त्यापुढे माप महिन्यागणिक वाढतंच राहिलं. मालवणात जन्मलेल्या रा. गो. भांडारकरांच्या नावाच्या पुण्याच्या संस्थेने पां. वा. काण्यांचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' छापला; त्याच्या १९५३च्या चौथ्या खंडात अशौचाची ही सगळी गुंतागुंत आहे. सुतक म्हणजे विटाळ, ते मोजमाप कसलं, असं कुणी विचारेल. विटाळाचं समर्थन मी करत नाही. पण ज्या नियमाला आईसाठी दिवस मोजावे लागले, त्याने नुकसान लहान-मोठं असतं हे गृहीत धरलं होतं. आधुनिक चाचण्यांत दिसतो तो भाऊबंदांसारखा हिशेब: रेघेच्या अलीकडे की पलीकडे. तीही जागची हलते. २०१९च्या 'प्रिझम'मध्ये, ४१५३ स्त्रियांच्या चाचणीत, ती ३४ आठवड्यांवर गेली.

आईचं काय झालं, हे विचारणाऱ्या चाचण्या आहेत. २००६च्या 'मिस्ट'ने गर्भपातात वाट पाहणं, गोळ्या आणि पिशवी साफ करणं यांची तुलना केली; मुख्य मोजमाप होतं १४ दिवसांतला जंतुसंसर्ग. तिन्हींत तो दोन-तीन टक्क्यांच्या घरातच निघाला. पण संसर्गही पुन्हा होय-नाहीचाच. रक्तस्राव किती दिवस चालला, कामावर कधी जाता आलं, हे मोजायला महिन्यांएवढ्या रात्रींसारखंच वाढतं माप लागतं. आपल्या दवाखान्यात तर आधीच्या गर्भपातांचा बहुधा नुसता आकडा मांडतात. सहा आठवड्यांचा आणि एकोणीस आठवड्यांचा, दोन्ही एकेक.